गॅरेज आवरायला काढलं तेव्हा

राधाकिशनला पहिली शंका आली ती दिवाळी उलटून गेल्यावर, एका दुपारी. गॅरेजचं शटर अर्धं वर ओढून तो स्टुलावर बसला होता. समोर स्वतःच्या हातानं बांधलेला अॅम्प्लिफायर, दोन कोपऱ्यांत प्लायवूड कापून केलेले स्पीकरचे खोके, आणि त्यांतून 'वाफ' वाजत होतं.

'वाफ' हे काही त्या गाण्याचं खरं नाव नव्हे. गाणं इंग्रजी, वाजवणारे कुठले लांबचे, लांब केसांचे गिटारवाले. त्यातले शब्द राधाकिशनला आजवर कळले नव्हते आणि कळावेत असं कधी वाटलंही नव्हतं. शेवटी शेवटी बाकी सगळे मागं राहायचे आणि गिटार एकटीच चढत जायची. अगदी टोकाला पोचली की बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडावा तशी शीळ घालायची. म्हणून 'वाफ'. ती शीळ आली की त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे. तरुणपणी राहायचे, नोकरीतून निवृत्त झाल्यावरही राहायचे.

त्या दुपारी गिटार चढली, आणखी चढली, आणि टोक यायच्या आधीच कुठंतरी विरून गेली. खालचा ढोल चालू होता, जाड तारेचा घुमारा चालू होता. शीळ मात्र नाही. त्यानं गाणं मागं नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"ट्वीटर गेला," तो मोठ्यानं म्हणाला. घरात एकटा राहायला लागल्यापासून त्याला असं मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. ट्वीटर म्हणजे खोक्यातला तो सगळ्यात लहान स्पीकर, बारीक आवाज काढणारा. तो जळाला की गाण्याचं वरचं टोक जातं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

त्यानं स्क्रू काढले, ट्वीटर हातात घेतला, मीटर लावून पाहिला. मीटर म्हणालं, ठीक आहे. दुसरा पाहिला, तोही ठीक. राधाकिशननं मीटरकडं संशयानं पाहिलं. मीटर जुनं होतं. जुन्या सोबत्यानं, हरिओमनं दिलेली नव्या ट्वीटरची जोडी या गॅरेजात कुठंतरी पडलेली होती, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. कुठं, ते मात्र देव जाणे.

घर परळीत रुळांपलीकडच्या नव्या प्लॉटिंगमध्ये होतं. बांधताना त्याच्या बायकोनं, रोहिणीनं, हट्टानं गॅरेज ठेवायला लावलं होतं. "उद्या गाडी घेतली तर काय रस्त्यावर लावायची?" गाडी काही आली नाही. तिच्या जागी एक लाकडी बाक आलं, मागोमाग ड्रिल आलं, ग्राइंडर आला. मग शेजारपाजारचे जळके पंखे, बंद मिक्सर, पाण्याच्या मोटारी, गळके कूलर यायला लागले. थर्मलमध्ये, म्हणजे परळीच्या वीज केंद्रात, टर्बाइनवर पाळी करून आलेला हा माणूस घरी येऊन परत पाना-पकड घेऊनच बसायचा. लोक वस्तू आणून टाकायचे. काही न्यायचे, काही विसरून जायचे. राधाकिशनला काही फेकवत नसे. कशातला तरी एखादा नट तरी कामाला येईलच, असं तो म्हणायचा. शेवटी दारापासून बाकापर्यंत एक पाऊलवाट तेवढी उरली, आणि सगळ्यावर बारीक करडी राख. परळीत राख कुणी आणावी लागत नाही, ती आपली येते.

रोहिणी पुण्याला गेली त्याला बरेच दिवस झाले होते. लेकीचं, सुकन्याचं बाळंतपण म्हणून तीन महिन्यांसाठी गेली. आता नातू शाळेत जायला लागला तरी तीन महिने संपले नव्हते. सुकन्या आणि जावई दोघं नोकरीला. पोराला बघणार कोण? राधाकिशन सुरुवातीला दोनदा जाऊन आला. नवव्या मजल्यावरच्या त्या घरात कुणाला काही दुरुस्त करून लागत नसे. बिघडलं की ते नवं मागवत.

तर ट्वीटर शोधण्यासाठी त्यानं गॅरेज आवरायला काढलं.

पहिल्या दिवशी त्यानं सगळं अंगणात आणलं. पंखे एका रांगेत, मोटारी एका रांगेत, कूलरच्या जाळ्या भिंतीला टेकवून. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर सटवा आणि चतुराबाई हे धनगर जोडपं शेळ्या घेऊन राहत होतं. प्लॉटच्या मालकानं राखणीला म्हणून त्यांना ठेवलेलं. चतुराबाई भिंतीपाशी येऊन हा पसारा बघत उभी राहिली. पूर्वी ती रोज भिंतीवरून काहीबाही बोलायची, शेळीचं दूध आणून द्यायची. वर्षभरापासून काय झालं कुणास ठाऊक, तिनं बोलणंच टाकलं होतं. राधाकिशननं तिच्याकडं बघून मान हलवली. ती शेळ्यांकडं वळली.

लोकांचं असंच झालं होतं. वैजनाथाच्या पायऱ्यांजवळच्या हॉटेलात थर्मलचे जुने लोक संध्याकाळी चहाला जमायचे. तो जायचा. पण हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. कुणीतरी काहीतरी म्हणायचं, सगळे हसायचे, आणि राधाकिशन थोडा उशिरा हसायचा. "काय म्हणलास?" असं दोनदा विचारलं की समोरचा हात झटकून म्हणायचा, "काय न्हाई, सोड." मग त्यानंही सोडलं. आपल्यात कुणाला रस राहिला नाही, वय झालं की होतंच असं, अशी त्यानं मनाची समजूत घालून घेतली होती.

आवरण्यात मात्र त्याचं मन लागलं. नट, बोल्ट, वॉशर, खिळे दूध पावडरच्या डब्यांत भरून त्यानं डब्यांवर रंगानं आकडे घातले. भिंतीला प्लायवूडचा फळा ठोकला, त्यावर पाने, पकडी, हातोडे लहान-मोठे असे टांगले आणि प्रत्येकाच्या भोवती पेन्सिलनं रेघ ओढली, म्हणजे उचललेली वस्तू परत कुठं ठेवायची ते कळावं. विसरलेल्या वस्तूंच्या मालकांना फोन केले. एकानं सांगितलं, "काका, तो पंखा व्हय? आम्ही एसी बसवला, टाकून द्या." दुसऱ्याचं घरच विकलं गेलं होतं. तिसऱ्याच्या बोलण्यातलं राधाकिशनला काहीच कळलं नाही. तो "बरं, बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. न्यायला कुणीच आलं नाही. भंगारवाला आला, तो सगळं घेऊन गेला. त्याच्याशी बोलावं म्हणून राधाकिशननं त्याला चहा केला. पण त्यानं उभ्या उभ्याच चहा घेतला आणि गाडा ढकलत गेला.

त्याच संध्याकाळी रोहिणीचा फोन आला.

"काय करायलाव?" एवढं त्याला ऐकू आलं.

"गॅरेज आवरायला काढलंय," तो ओरडून म्हणाला. फोनवर तो ओरडूनच बोलायचा. लाइन खराब असते असं त्याचं मत होतं.

मग ती बरंच काही बोलली. तिचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता, आणि मऊ होता म्हणूनच त्याला त्यातलं काही उमगेना. मधेच नातू फोनवर आला. त्याचं बोलणं तर राधाकिशनला पाखरांच्या किलबिलीसारखं वाटायचं. "हं, हं. शाब्बास," तो म्हणाला. मग परत रोहिणी. तिनं काहीतरी विचारलं.

"हो, हो," राधाकिशन म्हणाला. "तू म्हणशील तसं."

फोन ठेवताना ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. का हसली ते न कळताच तो बाकाकडं वळला.

ट्वीटर सापडले ते एका मोडक्या कूलरच्या टाकीत, कामावरच्या जुन्या निळ्या डांगरीत गुंडाळलेले. डांगरी हरिओमची होती. हरिओम नागपूरकडचा. दोघं एकाच दिवशी थर्मलमध्ये लागले, एकाच खोलीत राहिले. पहिल्या पगारातून हरिओमनं टेपरेकॉर्डर आणला आणि कुठून तरी नावं पुसलेल्या कॅसेटी. राधाकिशन तोवर भजन, भारूड आणि लग्नातला बँजो एवढंच ऐकत आलेला. त्या खोलीत त्यानं पहिल्यांदा ती गिटार ऐकली आणि म्हणाला, "हे तर आपल्या टर्बाइनसारखं वाजतंय बे." हरिओम पोट धरून हसला होता. गाण्यांना नावं त्या दोघांनीच ठेवली. एक गाणं जड जड सुरू होऊन हळूहळू वेग घ्यायचं, ते 'कोळशाची मालगाडी'. एक ऐन भरात असताना खाडकन थांबायचं, ते 'ट्रिपिंग'. आणि 'वाफ'. पुढं थर्मलचे जुने संच बंद पडत गेले, माणसं पांगली, हरिओम निवृत्त होऊन गावी गेला. जाताना म्हणाला, "नवी जोडी आहे, राहू दे तुझ्याकडं. मी कुठं खोके बांधत बसू आता." सुरुवातीला फोन व्हायचे. पण हरिओमची लाइन राधाकिशनपेक्षाही खराब होती. दोघंही नुसतं "हॅलो, हॅलो" ओरडत राहायचे. मग तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे ट्वीटर बसवून झाले तेव्हा गॅरेज त्याचं त्यालाच ओळखू येत नव्हतं. फरशी दिसत होती. फळ्यावर हत्यारं आपापल्या जागी टांगलेली होती. बाक रॉकेलनं पुसून काळं कुळकुळीत झालं होतं. राधाकिशननं हात धुतले, स्वच्छ सदरा घातला आणि स्टुलावर बसून 'वाफ' लावलं.

गिटार चढली. चढली. आणि गेली.

त्यानं आवाज वाढवला. ट्रेबलचं बटण, बारीक आवाजाचं, पार शेवटापर्यंत फिरवलं. गाणं मागं नेऊन पुन्हा लावलं. ढोल छातीत आपटत होता, पत्रा थरथरत होता. शीळ नाही. पुन्हा लावलं. आता तो चिडला होता. पुन्हा लावलं.

गॅरेजातला उजेड एकदम कमी झाला म्हणून त्यानं मान वळवली. शटरखालून वाकून चतुराबाई आत आली होती. पदर कमरेला खोचलेला, हातात काठी, आणि तिचं तोंड हलत होतं. त्यानं आवाज बारीक केला.

"...बंद करा म्हन्ते न्हवं! कवाधरनं बोंबलायली मी दारात! कान फुटले का तुमचे?"

"काय झालं?"

"काय झालं म्हन्तात! शेळ्या गेल्या ना समद्या कुपाटी मोडून! रुळाकडं पळाल्यात!"

राधाकिशन तसाच अनवाणी धावला. शेळ्या रुळाच्या कडेला बाभळींत पांगल्या होत्या. दोन तर खडीवर चढून ऐन रुळांत उभ्या. सटवा लंगडत लंगडत, काठी टेकत, एका बाजूनं हाळी देत होता. चतुराबाई दुसऱ्या बाजूनं गेली. राधाकिशननं रुळावरच्या शेळीचं शिंग धरलं आणि ओढत खाली आणलं. दुसरी मागं आली. गाडी आली ती बऱ्याच वेळानं, पण ती शिट्टी मारत जवळ आली तेव्हा चतुराबाईनं आधीच कान टवकारून तिकडं पाहिलेलं त्याच्या लक्षात आलं. त्याला गाडी कळली ती पायाखालची जमीन हादरायला लागल्यावर.

शेळ्या कुपाटीत परत कोंडून झाल्या. मोडलेल्या जागी त्यानं स्वतः काटे लावले. मग म्हणाला, "चतुराबाई, शेळ्या भ्यायल्या कावून?"

"कावून म्हंजी? तुमचं ते वाजायलं न्हवं का! असला आवाज, कानात सुई घातल्यावानी. मलाच सोसंना, मुक्या जनावराला काय सोसतंय?"

"कोनता आवाज?"

तिनं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं. थट्टा करतोय की काय असं तिला वाटलं असावं.

"या जरा," तो म्हणाला. "बारीक लावतो. शेळ्यांना कळायचं न्हाई इतका बारीक. या."

ती नाखुशीनंच आत आली. स्टूल दिलं तरी उभीच राहिली. आवरलेल्या गॅरेजवरून तिची नजर फिरली.

"बोट वर करा," राधाकिशन म्हणाला. "तो सुईचा आवाज सुरू झाला की वर करायचं. हाय तोवर वर. बंद झाला की खाली."

"मला काय साळा शिकवायलाव का?"

"करा ना माय एवढं."

त्या 'माय'मध्ये काहीतरी होतं. तिनं काठी बाकाला टेकवली. त्यानं गाणं लावलं. गिटार चढायला लागली. चढत चढत त्याच्यापुरती ती संपली, आणि नेमकं तेव्हाच चतुराबाईचं बोट वर गेलं.

खालचा ढोल चालू होता. राधाकिशन बोटाकडं बघत होता. काळं, भेगा पडलेलं, नखात माती असलेलं बोट. ते वरच होतं. चतुराबाईचे डोळे बारीक झाले होते, मान जराशी कलली होती. ती काहीतरी ऐकत होती, आणि त्याच्यासाठी तिथं काहीच नव्हतं. बोट खाली यायची तो वाट बघत राहिला. ते येईना. शेवटी हळूच आलं.

"संपलं," ती म्हणाली.

"कसा व्हता?"

"आता कसा म्हंजी... करवतीला कानस लावल्यावानी. पर शेवटाला जरासा गोड व्हतो."

राधाकिशननं अॅम्प्लिफायर बंद केला. ट्वीटर चांगले होते. जुनेही चांगले होते. मीटरही खरंच सांगत होतं. तो बाकाला टेकून उभा राहिला.

"मंजी तुमाला ऐकूच येत न्हाई?" चतुराबाई म्हणाली. मग एकदम तिचा आवाज बदलला. "आन् मी किती शिव्या घातल्या तुमाला मनात. आमच्या घरधन्याचा पाय मोडला तवा अंबाजोगाईला अॅडमिट केलतं. मी भितीपशी येऊन तुमाला सांगितलं, रडत सांगितलं. तुमी काय म्हन्लात ठाव हाय का? हसलात. 'छान छान' म्हन्लात."

राधाकिशनला तो दिवस आठवत होता. तिच्या शेळीला करडं झाली असं तिनं सांगितलं, असं त्याला वाटलं होतं.

"मला कळलं न्हाई ओ," तो म्हणाला. "आई शपथ."

"आता कळलं ना मला," ती म्हणाली आणि वाकून शटरखालून बाहेर गेली.

अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका लहानशा बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. त्यानं दाबलं. बराच वेळ दाबायला काहीच येत नव्हतं, तेव्हा तो नुसता भिंतीकडं बघत बसला. नंतर त्यांनी कागद दाखवला. त्यावरची रेघ डावीकडून नीट चालत आली होती आणि मध्यावर पोचल्यावर विहिरीत पडावी तशी खाली गेली होती.

"टर्बाइनवर होतात ना? कानात घालायचे बूच मिळत नव्हते?" त्यांनी विचारलं.

"मिळायचे की."

"घालत होतात?"

राधाकिशन ओशाळून हसला. बूच दोरीला लावून तो आणि हरिओम गळ्यात अडकवायचे. ते घातले तर टर्बाइनच्या तालावर दोघांना ओरडून गाणी म्हणता येत नसत, एकमेकांचं ऐकू येत नसे. हे डॉक्टरीणबाईंना काय सांगणार?

"गेलेलं परत येणार नाही काका," त्या म्हणाल्या. "बारीक आवाज तेवढे गेलेत. जाड आवाज येतात, म्हणून तुम्हाला वाटतं आपल्याला ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. कानाचं मशीन लावा. बोलणं कळेल."

मशीन लावून तो परळीला उतरला तेव्हा त्याला गावाची भीतीच वाटली. रिक्षांचे ब्रेक किंचाळत होते. प्लास्टिकची पिशवी चुरगळली तरी कडाकडा वाजत होती. घरी आला तर त्याच्याच चपला त्याच्या मागं कुणी चालत असल्यासारख्या वाजायला लागल्या. फ्रिज गुणगुणत होता. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. किती दिवसांपासून ठिबकत होता कुणास ठाऊक. आपण इतके दिवस समजत होतो तितकं हे घर शांत नव्हतं, हे त्याला कळलं. आणि एवढे आवाज असूनही त्यात माणसाचा एकही नव्हता.

त्यानं गॅरेजात जाऊन 'वाफ' लावलं. शीळ आली. आली ती खरीच. पण पत्र्याच्या डब्यात वाटाणे खुळखुळावेत तशी, कोरडी, कुणा दुसऱ्याचीच. मानेवरचे केस जागच्या जागी राहिले. मशीन काढून ऐकलं तर शीळ नाही. घालून ऐकलं तर ती गिटारच नाही. थोडा वेळ तो घालत-काढत बसला. मग बंद करून हरिओमला फोन लावला. ही गोष्ट सांगावी असं दुसरं कुणी नव्हतं.

फोन मुलानं उचलला. राधाकिशननं कोण ते सांगितलं.

"बाबा फोन नाही घेत आता काका. त्यांना ऐकूच नाही येत."

"मशीन?"

"आणली ना. लावतच नाहीत, चिडतात. दिवसभर गच्चीवर बसून राहतात."

"आणि गाणी? गाणी ऐकतात का अजून?"

"कोणती गाणी?" त्यानं विचारलं.

"मी आलतो फोनवर म्हणून सांग," राधाकिशन म्हणाला. "लिहून दाखव त्याला. राधाकिशन, परळी."

दिवेलागणीला रोहिणीचा फोन आला. मशीनमधून तिचा आवाज आला आणि तो दचकलाच. त्या आवाजात खरखर आली होती. दमल्यासारखा श्वास लागत होता. मागं कार्टूनमधलं कुणीतरी ओरडत होतं आणि नातू "आजी, आजी" करत होता. ते 'आजी' त्याला स्पष्ट ऐकू आलं.

"आज ओरडत कसे नाही?" तिनं विचारलं. त्यानं उत्तर द्यायच्या आतच ती पुढं बोलली, "बरं, त्या मोंढ्यातल्या माणसाचा परत फोन आलता. संक्रांतीनंतर घर बघायला येतो म्हणतोय. काय सांगू?"

"कोण माणूस?"

"असं काय करता? घर घेणारा. दसऱ्यापासून सांगायली मी. घर विकून इकडंच या म्हटलं, तर तुम्ही हो म्हणालात. तू म्हणशील तसं म्हणालात."

राधाकिशन बाकाची कड धरून उभा राहिला.

"आणि गॅरेज आवरायला काढलंय म्हणालात," रोहिणी म्हणत होती, "तेव्हा तर मी सुकन्याला म्हटलं, यांनी आता मनावर घेतलं. तुमच्यासाठी बाल्कनीत बाक ठेवायला जागा केलीय तिनं. हॅलो? ऐकू येतंय का?"

"येतंय," तो म्हणाला. "आज येतंय."

मग त्यानं सगळं सांगितलं. शेळ्या, चतुराबाईचं बोट, विहिरीत पडलेली रेघ. दसऱ्यापासूनचं तिचं एकही वाक्य आपल्याला धड कळलेलं नाही हेही सांगितलं. ती मधे एकदाही बोलली नाही. आधी तिच्या गप्प बसण्याला तो फोन कट झाला समजायचा. आज त्याला कळत होतं की ती आहे, आणि काही बोलत नाही.

"म्हणजे तुम्ही यायला तयार नव्हतातच," शेवटी ती म्हणाली.

"मला तिथं काय काम हाय, रोहिणी?"

"मला तरी काय काम आहे इथं? पोरगं शाळेत गेलं की मी भिंतीशी बोलते. कधी विचारलंत?"

त्यानं कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी उत्तर ऐकू आलं नसतं. पण तसं म्हणणं आता बरं दिसलं नसतं. त्या माणसाला सध्या नाही म्हणून कळवावं, असं ठरलं. संक्रांत झाल्यावर राधाकिशननं महिनाभर पुण्याला जाऊन राहावं, मग पुढचं पुढं. दोघांनाही ते फारसं पटलेलं नव्हतं, पण दोघांनीही बरं म्हटलं.

"या दिवसांत तू जे जे बोललीस ना," तो म्हणाला, "ते परत सांग."

"आता कसं सांगू? ते त्या त्या वेळचं होतं."

"तरी सांग. एखादं."

कार्टून बंद झालं. तिनं दार लोटल्याचा आवाज आला.

"आषाढात मी जिन्यात पडले होते," ती म्हणाली. "ते सांगितलं होतं तुम्हाला."

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, इकडंबी चांगला पडला."

राधाकिशननं डोळे मिटले. मग स्टूल पायानं ओढून घेतलं आणि बसला.

"कुठं लागलं?"

"बरं झालं हो ते कधीच."

"कुठं लागलं ते सांग."

"डावा गुडघा," रोहिणी म्हणाली. "लिफ्ट बंद होती त्या दिवशी. हातात दुधाची पिशवी होती, आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी फरशी पुसून ठेवलेली..."

ती सांगत गेली. मधे कुठं थांबली की तो "मग?" म्हणायचा. बाहेर अंधार पडला, कोपऱ्यावरचा दिवा लागला. उठून गॅरेजातला दिवा लावावा असं त्याला वाटलं, पण तो हलला नाही.